फ्लॅपर धर्तीचा आजचा पोशाख: पात्राच्या आराखड्यापासून रंगीत तालमीपर्यंत

फ्लॅपर म्हणजे १९२० च्या दशकातली आखूड केसांची, मोकळ्या वागणुकीची पाश्चात्त्य तरुणी. तिच्या धर्तीचा पोशाख करायचा ठरला की बहुतेक जण आधी फ्रिंज (लोंबत्या धाग्यांची झालर), पिसाचा हेअरबँड आणि मोत्यांची माळ घेऊन येतात. उरलेल्या पैशांत आणि उरलेल्या दिवसांत ड्रेस शिवला जातो. मग तो अंगाला घट्ट बसतो, गुडघ्याच्या वर सरकतो, आणि नटी कुणीही असली तरी पात्र एकच दिसतं: थीम पार्टीला आलेली मुलगी. फ्लॅपर ओळखू येते ती पिसामुळे नव्हे. खांद्यावरून सरळ खाली आलेला सैल ड्रेस, कंबरेऐवजी सीटवर (नितंबांवर) असलेला, वरचा भाग आणि स्कर्ट जुळवणारा जोड आणि हालचालीला मोकळे पाय, यांमुळे ती ओळखू येते. या तीन गोष्टी साधल्या तर एकही मणी न लावता पोशाख उभा राहतो. त्या चुकल्या तर किलोभर मण्यांनीही तो सावरत नाही. म्हणून इथला क्रम शक्यतो मोडू नका.

मापं इंचात आणि कापड मीटरमध्ये दिलं आहे. हिशोबासाठी छाती ३४, सीट ३८ आणि उंची ५ फूट ३ इंच अशी नटी धरली आहे.

## टप्पा १: पात्राकडून काय हवं ते ठरवा

कापडाच्या दुकानात जाण्याआधी संहिता घेऊन बसा आणि चार प्रश्नांची उत्तरं लिहून काढा. पात्र आजचं आहे की १९२० च्या दशकातलं? ते या पोशाखात काय करतं: नाचतं, बसतं, जिना चढतं, कुणाला मिठी मारतं? पोशाख बदलायला किती वेळ मिळतो? प्रेक्षक किती लांब आहेत, की समोर कॅमेरा आहे?

पात्र आजचं असेल तर १९२६ चा ड्रेस जसाच्या तसा शिवायची गरज नाही. त्या काळाच्या खुणांपैकी तीन घ्या, बाकीच्या सोडा. खुणा अशा: सीटवरचा जोड, चपटी-सरळ छाती, फ्रिंज किंवा कळ्या (स्कर्टमध्ये घातलेले, खाली रुंद होणारे तिकोनी तुकडे), मण्यांचं काम, आखूड बॉब केस, कपाळावर खाली आलेली पट्टी किंवा क्लोश हॅट (डोक्याला घट्ट बसणारी घंटेसारखी टोपी), टी-स्ट्रॅप बूट (T आकाराच्या पट्ट्याचे), लांब माळ. समजा, पात्र आज मुंबईतल्या क्लबमध्ये गाणारी तिशीची गायिका आहे. तिच्यासाठी सीटवरचा जोड, फक्त घेराजवळ (ड्रेसच्या खालच्या कडेजवळ) फ्रिंज आणि बॉब इतकं पुरे. पिसं, हॅट, माळ सगळं वगळा. उलट ती स्वतःला मिरवणारी, जरा जास्तच नटणारी असेल, तर चौथी खूण म्हणून माळ द्या. पाचवी मात्र नको.

पात्र त्याच काळातली भारतीय स्त्री असेल तर फ्लॅपर ड्रेसचा हट्ट धरू नका. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची कन्या, कूचबिहारच्या महाराणी इंदिरादेवी यांनी फ्रेंच शिफॉनच्या साड्यांची चाल पाडली. शिफॉनची सुळसुळीत साडी, आखूड केस आणि मोती हा त्या काळाला शोभणारा, जास्त खरा मार्ग आहे. पुढचे टप्पे मात्र ड्रेससाठीच आहेत.

तपासा: निवडलेल्या तीन खुणांपैकी निदान एक हालचालीत दिसणारी हवी. तिन्ही खुणा स्थिर असतील तर फोटो चांगला येतो, पण रंगमंचावर पोशाख मुका राहतो.

## टप्पा २: आतले कपडे आणि बूट आधी

मापं घेण्याच्या दिवशी नटीने प्रयोगात घालायची ब्रा आणि प्रयोगातलेच बूट घातलेले असले पाहिजेत. हा टप्पा सर्रास गाळला जातो, आणि पुढच्या निम्म्या दुरुस्त्या त्यातूनच निघतात.

पॅड असलेली, छाती उचलून धरणारी ब्रा या पोशाखात चालत नाही. छाती पुढे आली की ड्रेस तिथून तंबूसारखा सुटतो आणि पोटाजवळ पोकळी दिसते. मिनिमायझर (छाती कमी दाखवणारी ब्रा) किंवा साधी, शिवण नसलेली स्पोर्ट्स ब्रा घ्या. छाती घट्ट बांधून चपटी करू नका, श्वास कोंडतो आणि गाणाऱ्या नटीला तर ते अजिबात परवडणार नाही.

बूट टी-स्ट्रॅप किंवा आडव्या पट्ट्याचे, २ ते २.५ इंच जाड टाचेचे. पट्टा हवाच, कारण चार्ल्सटनसारख्या नाचात पाय झटकला की बिनपट्ट्याचा बूट सुटून जातो. टाचेची उंची अर्धा इंच बदलली तरी ड्रेसची उंची बदललेली दिसते, त्यामुळे बूट शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

स्टॉकिंग्ज घेताना पाकिटावरच्या ‘स्किन’ रंगावर जाऊ नका. तो बहुतेक वेळा गोऱ्या कातडीचा असतो आणि दिव्यांखाली पाय राखाडी दिसतात. नटीच्या रंगाशी जुळणारी घ्या, नाहीतर सरळ गडद बाटली-हिरवी किंवा काळी घ्या.

## टप्पा ३: मापं आणि मांजरपाटाचा कच्चा नमुना

नेहमीच्या मापांखेरीज चार मापं जास्तीची लागतात.

१. खांद्यापासून सीटच्या जोडापर्यंत. कंबरेच्या ५ ते ६ इंच खाली, म्हणजे साधारण २१ इंच.
२. खांद्यापासून गुडघ्याखाली २ इंचांपर्यंत, साधारण ४० इंच.
३. दोन्ही खांदे धरून दंडांवरून घेतलेला पूर्ण घेर. ड्रेस डोक्यातून घालायचा असल्याने हे माप लागतं.
४. चालताना टाकलेल्या सर्वात मोठ्या पावलाच्या वेळी गुडघ्यांभोवतीचा घेर.

सैलपणा छातीला ४ इंच आणि सीटला ३ इंच. म्हणजे आपल्या नटीसाठी छाती ३८, सीट ४१. मधे कंबरेला काहीही कमी करायचं नाही. शिंप्याला हे तोंडी सांगून भागत नाही, कागदावर सरळ रेघ काढून द्या. ब्लाउज आणि कुर्ते शिवून हाताला सवय झालेली असते, कंबरेत अर्धा-अर्धा इंच आपसूक घेतला जातो. मग फ्लॅपरचा ड्रेस उरत नाही, साधी फ्रॉक होते.

जोडाची जागा नीट ठरवा. सीटच्या सर्वात रुंद भागावर जोड आला तर तीच रेघ डोळ्यात भरते. तिच्या दीड इंच वर ठेवा. ठेंगण्या नटीसाठी अजून अर्धा इंच वर घेतला तर पाय लांब दिसतात.

आता छातीचा प्रश्न. सरळ कापलेल्या ड्रेसची पुढची बाजू छातीवरून जाताना उंची खाते आणि पुढचा घेर वर उचलला जातो. यावर उपाय असा: पुढच्या भागाला बाजूच्या शिलाईत १ इंच उंची जास्त ठेवा आणि ती काखेखालच्या आडव्या टक्समध्ये (कापड दुमडून घातलेल्या टिपेत) मुरवा. ३८ च्या वर छाती असेल तर दीड इंच. टक्स दिसायला नको असेल तर खांद्यावर बारीक चुण्या घेऊन तेवढीच सैलाई द्या, त्या काळी हे सर्रास केलं जाई.

मुंढा, म्हणजे हात जायची गोलाई, खोल कापू नका. ड्रेस सैल म्हणून मुंढाही सैल, असं धरलं जातं. पण खोल मुंढ्यातून ब्रा दिसते आणि हात वर केला की सगळा ड्रेस त्याबरोबर वर जातो. मुंढा काखेपासून पाऊण ते एक इंच खाली, बस.

या मापांवर मांजरपाटाचा (कोऱ्या सुती कापडाचा) नमुना कच्च्या टाक्यांनी उभा करा. मांजरपाट जॉर्जेटपेक्षा कडक असतो, त्यामुळे कापड अंगावर कसं पडेल हे त्यावर कळणार नाही. जोड, उंची, मुंढा आणि हालचाल मात्र नक्की कळते.

तपासा, नमुना अंगावर असताना: नटीला दोन्ही हात वर करायला लावा. खुर्चीवर बसवा, घेर गुडघ्याच्या किती वर गेला ते मोजा. नाच असेल तर त्याच्या आठ मात्रा करून घ्या. ड्रेस डोक्यातून सहज निघतो का? नसेल तर डाव्या बाजूला काखेखालून १० इंचांची उघडी जागा ठेवून तिथे टिचबटणं किंवा लपणारी झिप द्या. पोशाख पटकन बदलायचा असेल तर झिपच, कारण अंधाऱ्या विंगेत टिचबटणं हमखास चुकीच्या जोडीत लागतात.

## टप्पा ४: कापड

या पोशाखाचा निम्मा भाग कापड असतं. ते जड पडलं पाहिजे, पण अंगाला चिकटता कामा नये. व्हिस्कोज जॉर्जेट, क्रेप, सॅटिन क्रेप ही पहिली पसंती. पॉलिस्टर जॉर्जेट स्वस्त आणि टिकाऊ असतो, पण पायांना चिकटतो, कोरड्या हवेत तर फारच. लायक्रा असलेलं ताणणारं कापड नको. पार्टीच्या दुकानातले तयार फ्लॅपर ड्रेस याच कापडामुळे फसतात.

४४ इंच पन्ह्याच्या (रुंदीच्या) कापडाचा हिशोब: एका भागाची रुंदी २०.५ इंच, दोन्ही बाजूंना १-१ इंच माया (शिलाईसाठी सोडलेलं कापड) धरून २२.५. पुढचा आणि मागचा भाग शेजारी-शेजारी ठेवले तर ४५ इंच होतात, म्हणजे पन्ह्यात मावत नाहीत. उंचीचे दोन तुकडे घ्यावे लागतात. माया आणि दुमड धरून प्रत्येकी ४३.५ इंच, एकूण ८७, म्हणजे २.२ मीटर. कळ्यांसाठी अजून ४० सेंटीमीटर. आकसणं धरून ३ मीटर घ्या. आतल्या स्लिपसाठी क्रेप किंवा सॅटिन २ मीटर.

मुंबईत कापडासाठी मंगलदास मार्केट आणि लेस-फ्रिंज-मण्यांसाठी भुलेश्वर, पुण्यात रविवार पेठ. जाताना मोबाइलचा टॉर्च आणि रंगमंचावरच्या दिव्यांचे जिलेटिन कागद सोबत न्या आणि कापड त्यांतून बघा. पिवळट-नारिंगी प्रकाशात निळे-हिरवे रंग मळकट होतात. दुकानात उठून दिसलेला मोरपंखी रंग प्रयोगात राखेचा वाटतो तो यामुळेच.

सावधान: व्हिस्कोज कापड कापण्यापूर्वी एकदा पाण्यातून काढून वाळवा. ते आकसतं, आणि गुडघ्याखालचा ड्रेस पहिल्या धुण्यात गुडघ्यावर येतो.

## टप्पा ५: मण्यांचं काम हवं असेल तर ते कापण्याआधी

क्रम सर्वात जास्त इथे चुकतो. ड्रेस शिवून झाला की तो आरीवाल्याकडे, म्हणजे मण्यांचं भरतकाम करणाऱ्याकडे, नेला जातो. शिवलेला ड्रेस अड्ड्यावर (कापड ताणून धरणाऱ्या चौकटीवर) नीट ताणता येत नाही, टाके ओढले जातात आणि कापड गोळा होतं.

बरोबर क्रम असा. न कापलेल्या कापडावर पुढच्या आणि मागच्या भागाची बाह्यरेषा कच्च्या दोऱ्याने काढा. मग नक्षीची छाप घ्या. कापड तसंच अड्ड्यावर जाऊ द्या. काम झाल्यावर कागदी नमुना पुन्हा ठेवून बघा, कारण भरगच्च कामाने कापड थोडं आकसलेलं असतं. मगच कापा.

शिलाईच्या रेषेपासून अर्धा इंच आत एकही मणी नको, नाहीतर मशिनची सुई तुटते. तेवढी मोकळी जागा शिवून झाल्यावर हाताने मणी ओवून भरता येते. जॉर्जेटवर काचेचे मणी टाकायचे तर खाली ऑर्गन्झाचा थर लावायला सांगा. तो नसेल तर मण्यांच्या वजनाने गळा पुढे लोंबतो.

मणी सगळीकडे पेरू नका. सीटच्या जोडावर ३ इंचांचा पट्टा आणि गळ्यापासून खाली उतरणाऱ्या दोन-तीन उभ्या रेघा पुरतात. उभ्या रेघांनी सरळपणा वाढतो. आडवे भरगच्च पट्टे अंग रुंद दाखवतात. कॅमेऱ्यासाठी काम असेल तर मोठ्या चपट्या टिकल्या टाळा, त्या एकदम चमकून चेहऱ्यावरून लक्ष उडवतात. नळीचे मणी आणि बारीक कटदाणा जास्त शांत चमकतात.

## टप्पा ६: कापणं आणि शिवणं

१. जॉर्जेट कापताना टेबलावर कागद अंथरा, वर कापड ठेवून दोन्ही एकत्र टाचा आणि कागदासकट कापा. नुसतं कापड घसरतं आणि उभा धागा तिरका जातो. धागा तिरका गेलेला ड्रेस पहिल्या दिवसापासून एका बाजूला पिळतो, तो दुरुस्त होत नाही.

२. सुई ९ किंवा ११ नंबरची, नवी. टीप घालताना खाली बटर पेपरची पट्टी ठेवा, नंतर फाडून काढा.

३. आधी खांदे, मग बाजूच्या शिलाया. जोडावर स्कर्ट लावण्याआधी वरचा भाग नटीच्या अंगावर घालून जोडाची रेघ जमिनीला समांतर आहे का ते बघा. बहुतेकींचा एक खांदा थोडा खाली असतो, तो फरक इथेच काढायचा.

४. कळ्या. ४१ इंचांच्या सरळ घेरात गुडघ्यापर्यंतचा ड्रेस घालून लांब पाऊल टाकता येत नाही. स्कर्टला चार कळ्या द्या, प्रत्येकी १२ इंच उंच आणि तळाशी ६ इंच रुंद. घेर ६५ इंच होतो आणि उभं राहिल्यावर ड्रेस सरळच दिसतो.

कळीचं टोक सावकाश शिवा. कळी बसवायला स्कर्टला दिलेल्या चिरेच्या टोकाला मागून ऑर्गन्झाचा बोटभर चौकोन लावा. कळीची एक बाजू टोकापासून घेराकडे शिवा, दोरा तोडा, मग दुसरी बाजू पुन्हा टोकापासूनच घेराकडे. टोकाशी वळण घेऊन एका दमात शिवलं की तिथे सुरकुती पडते आणि ती इस्त्रीने जात नाही.

५. स्लिप वेगळी शिवा. ड्रेसला फक्त खांद्यांवर बारीक पट्ट्यांनी अडकवा, २ इंच आखूड ठेवा आणि बाजूंना ७ इंचांचे काप द्या. घेराला शिवलेलं अस्तर कळ्यांचा फुलोरा मारून टाकतं. वेगळी स्लिप प्रत्येक प्रयोगानंतर धुता येते, हा आणखी एक फायदा.

६. आता ड्रेस हँगरवर २४ तास टांगून ठेवा. (मण्यांचं भरगच्च काम असेल तर डमीवर.) कळ्यांच्या उरेब (तिरक्या कापलेल्या) कडा खाली ओघळतात. त्यानंतरच नटीला बूट घालून उभं करा, जमिनीपासून पट्टीने उंची मोजत घेराची खूण करा आणि हाताने बारीक दुमड घाला.

सावधान: त्या दशकात घेर सर्वात आखूड होता तेव्हाही, म्हणजे १९२६ ते १९२८ च्या सुमाराला, तो गुडघ्याच्या आसपासच होता. आजच्या पात्रासाठी आखूड करायला हरकत नाही. फक्त तो निर्णय असू द्या, मोजणीतली चूक नको. आणि आखूड केलाच तर जोडही त्याच प्रमाणात वर घ्या, नाहीतर खालचा स्कर्ट नुसती झालर वाटतो.

## टप्पा ७: फ्रिंज

रेयॉनची फ्रिंज घ्या. ती जड असते आणि झटक्यानंतर पुन्हा सरळ पडते. पॉलिस्टरची हलकी फ्रिंज विस्कटते, एकमेकांत अडकते. लांबी ६ इंच, दोन ओळींतलं अंतर ४ इंच. त्यामुळे वरची ओळ खालच्या ओळीची शिलाई २ इंचांनी झाकते.

स्कर्टवर घेरापासून ६, १०, १४ आणि १८ इंचांवर अशा चार ओळी बसतात. कळ्यांमुळे खालच्या ओळींना जास्त लागते: अनुक्रमे सुमारे ५३, ४५, ४१ आणि ४१ इंच, एकूण १८०, म्हणजे ४.६ मीटर. टोकं दुमडायला आणि चुकांना धरून ५.५ मीटर घ्या. फ्रिंज ताणून लावू नका, कळीचा फुलोरा तिथेच आवळला जातो.

लावायला खालच्या ओळीपासून सुरुवात करून वर जा. आधी वरची लावली तर तिचे धागे प्रत्येक टिपेत सापडतात. जॉर्जेटच्या मागे प्रत्येक ओळीला इंचभर ऑर्गन्झाची पट्टी ठेवा. फ्रिंजच्या खालच्या टोकांना दुकानातून आलेली साखळी-टीप असते, ती सगळं शिवून होईपर्यंत उसवू नका. शेवटी एका टोकाचा दोरा ओढला की ती सरसर सुटते. मग लांबून वाफ द्या, इस्त्री टेकवू नका.

छातीपासून खालपर्यंत फ्रिंजच फ्रिंज हा प्रकार टाळावा असं आमचं स्पष्ट मत आहे. वजन दुप्पट होतं, अंगाची सरळ रेघ झाकली जाते आणि नटी हलली की नक्की काय हलतंय ते कळत नाही.

## टप्पा ८: केस, कपाळ, माळ

नटीला केस कापायला लावू नका, लांब केसांतून बॉब होतो. मानेजवळच्या खालच्या थराची वेणी घालून ती मानेवर चपटी पिनांनी बसवा. वरचे केस हनुवटीच्या उंचीवर आत वळवून टोकं त्या वेणीखाली खोचा आणि आडव्या पिना लावा. केस दाट असतील तर विग जास्त भरवशाचा, पण विगखाली अंबाडा नको. डोकं मोठं दिसलं की सडपातळ ड्रेसचा सगळा तोल जातो.

पट्टी वापरायची तर कपाळावर, भुवयांच्या दोन बोटं वर, आडवी. केसांच्या मध्यावर बसवलेला हेअरबँड फ्लॅपरचा वाटत नाही. क्लोश हॅट रंगमंचावर डोळ्यांवर सावली पाडते, वापरलीच तर पुढची कड वर दुमडा.

माळ ४८ ते ६० इंच, घरातली मोत्यांची लांब माळही चालेल. प्रत्येक मण्यानंतर गाठ मारून ओवून घ्या. नाचताना माळ तुटली आणि मणी रंगमंचावर सांडले तर पुढच्याचा पाय घसरतो. मानेमागे दोन टाके घालून ती ड्रेसला धरून ठेवा.

## टप्पा ९: रंगीत तालीम

पूर्ण पोशाखात, पूर्ण प्रकाशात, पूर्ण प्रवेश करा. तपासायच्या गोष्टी: कॉलर माइकवर मण्यांचा किंवा माळेचा आवाज येतो का (येत असेल तर माइक केसांच्या रेषेत लावा आणि त्याच्या पेटीसाठी स्लिपच्या पाठीवर खिसा शिवा). मागून दिवा आल्यावर स्लिपमधून पाय किती दिसतात. फ्रिंज खुर्चीच्या फटीत किंवा सहकलाकाराच्या बटणात अडकते का. आणि शेवटच्या रांगेत बसून बघा, सीटवरचा जोड तिथून दिसतो का. दिसत नसेल तर त्या रेघेवर विरोधी रंगाची अर्ध्या इंचाची पट्टी लावा, हे एका दुपारचं काम आहे.

विंगेत एक डबा ठेवा: ड्रेसच्या रंगाचा ओवलेला दोरा, सुटे मणी, चार टिचबटणं, सेफ्टी पिना, फ्रिंजचा हातभर तुकडा, स्टॉकिंग्जची जादा जोडी. प्रयोग संपला की मणीकाम असलेला ड्रेस टांगू नका, खांदे ओघळून घेर इंचभर खाली येतो. जुन्या सुती साडीत सैल गुंडाळून आडवा ठेवा, आणि फ्रिंज विंचरून सरळ केल्यावरच गुंडाळा.